मूल पुन्हा रुग्णालयात येते, तेव्हा चुकते कोण?

मनोरुग्णालयाच्या केस पेपरवर एक वाक्य फार स्वस्तात लिहिले जाते : 'रुग्णाने औषधे बंद केली.' सोळा-सतरा वर्षांची मुलगी दोन महिन्यांपूर्वी सुधारून घरी गेलेली असते. आज ती पुन्हा त्याच वॉर्डात असते आणि शेजारी तीच पिशवी मांडीवर घेऊन तिची आई बसलेली असते. असे का झाले, असे विचारले की हे वाक्य पुढे केले जाते. बहुधा ते खरेही असते, आणि त्याचा धोका तिथेच आहे. खरे वाक्य हाती लागले की शोध थांबतो. औषधे कोणत्या दिवशी बंद झाली, गोळ्या संपल्या म्हणून की गोळी घेतली की वर्गात डोळे मिटतात म्हणून, 'आता बरी आहेस ना, मग कशाला' असे घरातल्या कोणी म्हटले म्हणून, आणि त्या दिवशी ही गोष्ट रुग्णालयाला कळावी अशी काही सोय होती का, यांतले काहीच केस पेपरवर नसते.

किशोरवयीन मुले मानसोपचार वॉर्डात पुन्हा का येतात, या प्रश्नाचे उत्तर केवळ मुलाच्या मेंदूत किंवा आईवडिलांच्या स्वभावात शोधण्याची सवय मोडली पाहिजे. उत्तराचा मोठा भाग वॉर्डाचे दार आणि घराचा उंबरठा यांच्या मधल्या जागेत आहे. त्या जागेची जबाबदारी कोणाची, हे भारतीय कायद्याने सांगून ठेवले आहे. ती पार पाडली जाते की नाही हे सांगणारा आकडा मात्र लोकांसमोर येत नाही.

आधी जे माहीत आहे ते पाहू. अमेरिकेतील मेरिलँड राज्यात तीन रुग्णालयांत दाखल झालेल्या, सरकारी आरोग्यविम्याखालील ५२२ किशोरवयीनांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरात त्यांतील ३८ टक्के मुले पुन्हा दाखल झाली, आणि त्यांतील बहुसंख्य पहिल्या तीन महिन्यांतच आली. त्याआधी २००४ साली बारा वर्षांपर्यंतच्या १०९ लहान मुलांचा अभ्यास झाला होता. तेथेही वर्षभरात पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण ३७ टक्के निघाले, आणि परत आलेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के मुले नव्वद दिवसांच्या आत आली होती. दोन्ही ठिकाणी वयोगट वेगळा, रुग्णालये वेगळी. परंतु आलेखाचा आकार एकच. धोका वर्षभर सारखा पसरलेला नसतो. तो सुरुवातीला उंच असतो आणि मग उतरत जातो.

या आकाराला अर्थ आहे. नैराश्यावरील नेहमीच्या औषधांचा पुरता परिणाम दिसायला साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. झोप येणे, मळमळ, अस्वस्थता हे त्रास मात्र पहिल्या काही दिवसांतच सुरू होतात. काही मनोविकारविरोधी औषधांनी काही आठवड्यांतच वजन वाढू लागते, आणि सोळाव्या वर्षी आरशासमोर ही किरकोळ बाब नसते. म्हणजे त्रास आधी आणि फायदा नंतर. दोहोंच्या मधल्या काळातच मूल घरी जाते. वॉर्डात गोळी ठरल्या वेळी परिचारिका हातावर ठेवते, झोपेची वेळ ठरलेली असते, परीक्षा दूर असते, घरातले भांडण दूर असते, वर्गातली टवाळी दूर असते. डिस्चार्जच्या दिवशी हे सगळे कवच एका दुपारी काढून घेतले जाते आणि सगळे ताण एकदम परत मिळतात. काच भट्टीतून काढून एकदम थंड केली तर ती तडकते, म्हणून काचेच्या कारखान्यात ती हळूहळू निववतात. काच तडकली तर तिच्या स्वभावाला कोणी दोष देत नाही. निववण्याची पद्धत तपासतात.

प्रामाणिकपणासाठी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. सुरुवातीचा उंच धोका एवढ्यावरूनच व्यवस्थेचा दोष सिद्ध होत नाही. काही मुलांचा आजारच तीव्र असतो, काहींना अपुऱ्या सुधारणेवर घरी सोडलेले असते, आणि उत्तम देखभाल मिळूनही काही मुले परत येतात. परंतु याच काळात आणखी एक आकडा उभा राहतो आणि तो दुर्लक्ष करू देत नाही. मानसोपचार रुग्णालयातून घरी गेलेल्या सर्व वयांच्या रुग्णांबाबत जगभरातील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१७ साली प्रसिद्ध झाले. डिस्चार्जनंतरच्या एकूण काळात आत्महत्येचे प्रमाण एक लाख व्यक्ती-वर्षांमागे ४८४ होते; पहिल्या तीन महिन्यांत ते १,१३२ होते. ज्या नव्वद दिवसांत मुले परत येतात, त्याच नव्वद दिवसांत काही जण कायमची हातची जातात.

येथून हा प्रश्न गणिताचाही होतो. एखाद्या रुग्णालयात पुन्हा दाखल होणाऱ्यांचे प्रमाण कमी असेल तर त्याचे दोन अर्थ निघतात. मुले बरी राहिली, हा एक अर्थ. मुले परत येऊ शकली नाहीत, हा दुसरा. भाड्याला पैसे नव्हते, गाडी दहा तासांची होती, शेजाऱ्यांना कळले होते, पहिल्या खेपेचा अनुभव वाईट होता, कुटुंबाने मांत्रिकाकडे नेले, किंवा मूल उरलेच नाही. केवळ परत आलेल्यांची मोजणी करणाऱ्या नोंदवहीला हे दोन अर्थ वेगळे करता येत नाहीत. एखाद्या संवेदकाला ठरावीक कण दिसतच नसतील तर त्याच्या शांततेवरून ते कण नाहीत असा निष्कर्ष पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही काढणार नाही. मानसिक आरोग्याच्या बाबतीत मात्र 'रुग्ण पुन्हा आला नाही' ही नोंद यश म्हणून सहज खपते.

भारतात ही अडचण अधिक खोल आहे. बंगळूरुच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने १३ ते १७ वयोगटातील मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के असल्याचे सांगितले, आणि बहुतेक विकारांत उपचार न मिळणाऱ्यांची संख्या उपचार मिळणाऱ्यांच्या कितीतरी पट असल्याचेही दाखवले. ते काम मोलाचे होते. पण ते घरोघरी जाऊन केलेले सर्वेक्षण होते. वॉर्डातून बाहेर पडलेल्या मुलाचे पुढे काय झाले, हे सांगणे त्याचे कामच नव्हते. तो माग रुग्णालयांच्या नोंदींतूनच काढता येतो, आणि दोन रुग्णालयांच्या नोंदी एकमेकींशी जोडलेल्या नसतील तर रांचीहून घरी गेलेला आणि गावाजवळच्या खासगी रुग्णालयात पुन्हा दाखल झालेला मुलगा कागदावर दोन वेळा 'पहिल्यांदाच' आलेला असतो.

देशात सरकारी मनोरुग्णालये ४७ आहेत. त्यांतील तीन केंद्र सरकारची : बंगळूरु, रांची आणि तेजपूर. अशा ठिकाणी येणारी कुटुंबे बहुधा लांबून येतात. म्हणजे ज्या मुलाला जवळच्या देखभालीची सर्वाधिक गरज, त्याची देखभाल करणारे डॉक्टर सर्वांत लांब. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम कागदोपत्री ७६७ जिल्ह्यांसाठी मंजूर आहे. ज्या जिल्ह्यात मूल घरी परतले, तेथील कार्यक्रमाला त्या परतण्याची खबर डिस्चार्जच्या दिवशी मिळते का, हा साधा प्रश्न प्रत्येक जिल्ह्यात विचारण्यासारखा आहे.

कायदा याबाबत मुका नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचे कलम ९८ डिस्चार्जच्या नियोजनाविषयी आहे. रुग्णाला घरी सोडताना उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाने खुद्द रुग्ण, त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी, तो ज्यांच्याकडे राहणार आहे ते कुटुंबीय आणि पुढे ज्यांच्याकडे उपचार होणार आहेत ते डॉक्टर या सर्वांशी सल्लामसलत करावी, आणि पुढील उपचार कसे मिळतील याची योजना तयार होईल हे पाहावे, असे ते कलम सांगते. 'दोन आठवड्यांनी ओपीडीत दाखवा' ही डिस्चार्ज कार्डावरची ओळ म्हणजे योजना नव्हे. पुढचा डॉक्टर कोण, गोळ्या कोठे मिळतील, झोप उडाली तर कोणाला फोन करायचा, शाळेला काय सांगायचे आणि काय सांगायचे नाही, हे ज्या कागदावर आहे ती योजना. कलम १८ मध्ये बालकांसाठीच्या मानसिक आरोग्य सेवा आणि रुग्णालय व घर यांच्या मधले निवारे, म्हणजे हाफ-वे होम, यांचाही उल्लेख आहे. संसदेने जागा ओळखली होती. ती भरायची राहिली आहे.

आता कुटुंबाकडे वळू, कारण दोष देणाऱ्यांचे बोट अखेर तिकडेच जाते. त्यासाठी आधारही दाखवता येतो : वर उल्लेखलेल्या २००४ सालच्या अभ्यासात कठोर शिक्षा आणि पालक-मुलांमधील दुरावा यांचा संबंध मूल पुन्हा दाखल होण्याशी आढळला. 'पाहा, दोष घरचाच', असे म्हणून हा निष्कर्ष वापरणारे पुढची ओळ वाचत नाहीत. ज्या पालकांनी आपल्यावरचा ताण मोकळेपणाने सांगितला, त्यांच्या मुलांबाबत हा धोका कमी झालेला दिसला. ताण सांगता येणे ही काही जन्मजात देणगी नव्हे. त्यासाठी विचारणारे कोणी लागते, ऐकायला वेळ लागतो आणि सांगितल्यावर अपमान होणार नाही याची खात्री लागते. ज्या वॉर्डात आईला 'तुम्हीच लाडावून ठेवले' हे पहिल्याच दिवशी ऐकावे लागते, त्या वॉर्डात ती काय सांगणार?

या बाबतीत भारताला परदेशाकडे पाहण्याची गरजही नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात १९५० च्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या कुटुंबांना आवारातच तंबूंत राहायला बोलावले, त्यांना आजार समजावून सांगितला आणि उपचारांत सहभागी करून घेतले. पुढे भारतीय मानसोपचाराने जगाला दाखवलेल्या वेगळ्या वाटांपैकी ही एक मानली गेली. आजचा कायदाही अल्पवयीन रुग्णासोबत नामनिर्देशित प्रतिनिधीने किंवा सोबत्याने दाखल असेपर्यंत राहावे, असे कलम ८७ मध्ये सांगतो. म्हणजे ज्या माणसाला घरी गेल्यावर मुलाची देखभाल करायची आहे, तो माणूस दिवसरात्र रुग्णालयातच असतो. अशी संधी अनेक श्रीमंत देशांतील वॉर्डांना मिळत नाही. येथे ती मिळते आणि पुष्कळदा औषधांची चिठ्ठी घेऊन खालच्या दुकानात जाणे, रांगेत उभे राहणे आणि डबा आणणे एवढ्यातच संपते.

यानंतर येते शाळा. दीड-दोन महिने अनुपस्थित राहिलेले मूल वर्गात परतते तेव्हा तीन गोष्टी त्याची वाट पाहत असतात : मागे पडलेला अभ्यास, 'कुठे होतास' हा प्रश्न आणि हजेरीचा नियम. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षांसाठी ७५ टक्के हजेरी लागते. वैद्यकीय कारणासाठी सवलत आहे, पण त्यासाठी कागद द्यावा लागतो, आणि त्या कागदावर मनोरुग्णालयाचा शिक्का असतो. शिक्का दाखवला तर नाव फुटते, न दाखवला तर वर्ष जाते. या कोंडीत सापडलेल्या घराने गोळ्या लपवल्या, तर त्याला केवळ 'अज्ञान' म्हणून मोकळे होता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे आणि शिक्षणात वाजवी सोयी देण्याची तरतूद आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असा निर्देश दिला. तो समुपदेशक भिंतीवर 'ताण घेऊ नका' अशी भित्तिपत्रके लावण्यात वर्ष घालवणार, की रुग्णालयातून परतलेल्या मुलाचा पहिला महिना सांभाळणार, यावर त्या निर्देशाचे मोल ठरेल.

या साऱ्यावर नेहमीचे तीन आक्षेप आहेत.

पहिला : माणसेच नाहीत. हे खरे आहे. संसदेच्या स्थायी समितीने २०२३ सालच्या अहवालात एक लाख लोकसंख्येमागे ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ असल्याची नोंद घेतली. अपेक्षा तीनची आहे. अधिनियमाच्या कलम ३१ नुसार आंतरराष्ट्रीय निकषांइतके मनुष्यबळ दहा वर्षांत उभे करण्याचा प्रयत्न सरकारने करायचा आहे. ही मुदत मे २०२८ मध्ये संपते. परंतु डिस्चार्जनंतर तिसऱ्या दिवशी 'गोळ्या मिळाल्या का, झोप लागते का' एवढे विचारणाऱ्या फोनसाठी मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही. प्रशिक्षित परिचारिका किंवा मानसोपचार सामाजिक कार्यकर्ता ते करू शकतो. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. ती मुख्यतः आलेला फोन घेण्यासाठी उभी केली गेली. नैराश्यातून बाहेर येऊ पाहणाऱ्या मुलाने स्वतः फोन उचलून क्रमांक फिरवावा, अशी अपेक्षा त्यात आहे. डिस्चार्ज झालेल्या प्रत्येक अल्पवयीन रुग्णाच्या घरी, कुटुंबाच्या संमतीने, याच यंत्रणेतून फोन जाऊ लागला तर नवी इमारत बांधावी लागणार नाही.

दुसरा आक्षेप पुराव्याचा, आणि विज्ञानाच्या वाचकांनी तो घेतलाच पाहिजे. अमेरिकेतील ३३ राज्यांतल्या १० ते १८ वयाच्या १,३९,६९४ मुलांच्या नोंदींचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. डिस्चार्जनंतर सात दिवसांत तपासणीला गेलेल्या मुलांमध्ये पुढील सहा महिन्यांत आत्महत्येचा धोका ५६ टक्क्यांनी कमी आढळला. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. ज्या घरांना सात दिवसांत मुलाला तपासणीला नेणे जमते, ती घरे आधीच सावरलेली असू शकतात. सगळा फरक तपासणीनेच पडला असे म्हणता येत नाही. उलट दिशेनेही गल्लत होते : अधिक आजारी मुलांना अधिक भेटी दिल्या जातात, आणि मग भेटींमुळेच मुले परत येतात असा भास होतो. शिवाय अमेरिकेतील विमा, वॉर्डातील मुक्कामाची लांबी आणि कुटुंबरचना वेगळी आहे. तेव्हा त्या आकड्यांची आयात करू नये. प्रश्नांची मात्र अवश्य करावी. सात दिवसांत भेट होते का, हा प्रश्न बंगळूरुतही विचारता येतो आणि तेजपूरमध्येही. पुरावा अपुरा आहे म्हणून मोजायचे नाही आणि मोजले नाही म्हणून पुरावा अपुरा, या वर्तुळातून बाहेर पडण्याचा मोजणे हाच एक मार्ग आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत शहाणा आहे : परत येणे नेहमीच वाईट असते का? नसते. लक्षणे उलटू लागताच आठवड्याभरासाठी स्वतःहून येणारे मूल शिकलेले मूल आहे. त्याला रुग्णालयावर विश्वास आहे. म्हणून 'पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण कमी करा' असे फर्मान काढणे घातक ठरेल. अमेरिकेने २०१२ पासून हृदयविकार, न्यूमोनिया अशा आजारांत जादा फेरदाखल्यांसाठी रुग्णालयांना दंड करायला सुरुवात केली. फेरदाखले घटले, पण हृदय निकामी होण्याच्या रुग्णांत मृत्यू वाढले का, यावर तेथील संशोधकांत दीर्घ वाद झाला. आकड्याला शिक्षा जोडली की आधी आकडा सुधारतो. मूल दारातून परत पाठवले तरी आकडा सुधारतोच.

म्हणून मागणी एका आकड्याची नाही, तीन आकड्यांची आहे, आणि ते एकत्रच प्रसिद्ध व्हावेत. अठरा वर्षांखालील किती रुग्णांना कलम ९८ नुसार लेखी योजना मिळाली. त्यांपैकी किती जणांशी सात दिवसांत प्रत्यक्ष भेट किंवा बोलणे झाले. आणि नव्वद दिवसांनी किती जण पुन्हा दाखल होते, किती जण घरी उपचार घेत होते, किती जणांचा पत्ताच लागला नाही. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. ज्याचा पत्ता नाही त्याला 'बरा' या रकान्यात ढकलण्याची मुभा कोणालाही नसावी. कोणत्याही मुलाचे नाव बाहेर न येता, केवळ एकूण संख्या म्हणून, हे आकडे देता येतात.

सरकार ते आपणहून देईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. सरकारी मनोरुग्णालय हे सार्वजनिक प्राधिकरण आहे, आणि माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार तीस दिवसांत उत्तर देण्याचे बंधन त्याच्यावर आहे. मानसशास्त्राच्या, सांख्यिकीच्या, वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या राज्यातील रुग्णालयांकडे हे तीन प्रश्न एका पानावर लिहून पाठवावेत. आकडे आले तर ४७ रुग्णालयांचा पहिला नकाशा तयार होईल. 'अशी माहिती ठेवली जात नाही' असे उत्तर आले तर तेही जपून ठेवावे. पुढच्या वेळी एखाद्या केस पेपरवर 'रुग्णाने औषधे बंद केली' असे लिहिले जाईल, तेव्हा ते उत्तर त्याच्या शेजारी ठेवून वाचता येईल.